उबुंटू डिलीट केलं, तरी कम्प्युटर अजून त्यालाच का शोधतोय?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट बंद केला. ज्यांचे लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींमध्ये बसत नव्हते, त्यांच्यातल्या अनेकांनी त्या सुमारास लिनक्सकडे मोर्चा वळवला. काहींनी सावधपणे विंडोज तसंच ठेवलं आणि शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं. एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ड्युअल बूट. इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी यात नवीन काही नाही, लॅबच्या प्रॅक्टिकलसाठी हे उद्योग वर्षानुवर्षं चालत आलेत.

पण काही महिन्यांनी हार्ड डिस्कवरची जागा कमी पडायला लागते. मग विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, लिनक्सचं पार्टिशन शोधायचं, राइट क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. जागा मोकळी झाली, लिनक्स गेलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू केला की काळी स्क्रीन येते. वर एक-दोन ओळी इंग्रजी, खाली फक्त 'ग्रब' असा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. ना विंडोज, ना उबुंटू. घाबरून लॅपटॉप दुकानात नेला की बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावं लागेल. यातच लोकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा जातो. आणि गंमत म्हणजे ती काळी स्क्रीन दिसत असताना विंडोज शंभर टक्के ठणठणीत असतं. सी ड्राइव्हवरची एकही फाइल हललेली नसते. बिघडलेला असतो तो फक्त तिथपर्यंत जाणारा रस्ता.

हा रस्ता नेमका असतो कुठे?

लिनक्सचं पार्टिशन उडवलं की लिनक्स पूर्ण गेलं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. लिनक्स इन्स्टॉल करताना ते तीन ठिकाणी काहीतरी ठेवतं. पहिलं ठिकाण म्हणजे त्याचं स्वतःचं पार्टिशन, ते आपण उडवलं. दुसरं ठिकाण म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचा डिस्कवरचा एक छोटा कोपरा. आणि तिसरं ठिकाण डिस्कवर नसतंच, ते मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतं.

2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून बाजारात आलेले जवळपास सगळे लॅपटॉप यूईएफआय पद्धतीने सुरू होतात. ही पद्धत मुळात इंटेलने 1990 च्या दशकाच्या शेवटी आपल्या इटॅनियम प्रोसेसरसाठी आणली आणि 2005 पासून अनेक कंपन्यांचा एक फोरम ती सांभाळतो. यात कम्प्युटर चालू झाला की मदरबोर्डवरचं फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोसच म्हणतो, आपल्या एनव्हीरॅम नावाच्या मेमरीत बघतं. लाइट गेली तरी ही मेमरी पुसली जात नाही. तिथे एक यादी असते. पहिल्या नंबरवर 'उबुंटू', दुसऱ्यावर 'विंडोज बूट मॅनेजर', तिसऱ्यावर पेन ड्राइव्ह, असं काहीतरी. प्रत्येक नावापुढे एका फाइलचा पत्ता असतो.

ती फाइल असते ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये. हे पार्टिशन फॅट 32 प्रकारचं असतं आणि विंडोज ते बनवताना साधारण 100 एमबीचं बनवतं. त्याला सी, डी असं अक्षर नसतं, त्यामुळे 'धिस पीसी' मध्ये ते कधीच दिसत नाही. आत 'ईएफआय' नावाचा फोल्डर आणि त्याच्या आत प्रत्येक सिस्टिमचा एकेक फोल्डर. मायक्रोसॉफ्टचा वेगळा, उबुंटूचा वेगळा, 'बूट' नावाचा आणखी एक, शिवाय लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचाही एखादा.

आता काळ्या स्क्रीनचं कोडं सुटतं. फर्मवेअरने यादीतला पहिला नंबर बघितला, उबुंटू. तो पत्ता धरून 'शिम' नावाची फाइल चालवली. शिमने शेजारची ग्रब चालवली. ग्रब म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची हे विचारणारा बूटलोडर, 1995 मध्ये एरिक बोलेन यांनी तो लिहायला घेतला आणि आज बहुतेक लिनक्स त्यावरच चालतात. उबुंटूच्या फोल्डरमध्ये ग्रबसाठी जेमतेम तीन ओळींची एक सेटिंग फाइल असते. तिचा अर्थ एवढाच, की अमुक ओळख क्रमांकाचं पार्टिशन शोध आणि पुढचा सगळा मेन्यू तिथून वाच. ते पार्टिशन तर आपण काल उडवलं. ग्रब शोधतो, सापडत नाही, आणि आता काय करू म्हणून कर्सर लुकलुकवत बसतो. आपण घर पाडलं, पण नाक्यावरचा बाण अजून तिकडेच वळवतोय.

आधी विंडोजमध्ये शिरायचं

स्क्रीनवर 'ग्रब' आणि पुढे बाणाची खूण एवढंच असेल, तर 'एक्झिट' असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबून बघावं. बऱ्याच मशीनवर ग्रब तिथून बाहेर पडतो आणि फर्मवेअर यादीतल्या पुढच्या नावाकडे, म्हणजे विंडोजकडे जातं. 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून आलं असेल तर त्या अवस्थेत ग्रबला मोजक्याच कमांड कळतात, त्यामुळे तिथे डोकं न लावता पॉवर बटण दाबून धरावं आणि मशीन बंद करावं.

मग पुन्हा चालू करताना लगेच बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहायचं. डेल आणि लेनोव्होवर ते बहुतेक वेळा एफ 12 असतं. एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ 9. असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ 12 चालतं, पण काही मॉडेलमध्ये तो मेन्यू बायोस सेटिंगमधून आधी चालू करावा लागतो. यादी समोर आली की 'विंडोज बूट मॅनेजर' निवडायचं. दहातल्या नऊ वेळा विंडोज नेहमीसारखं सुरू होतं.

इथे बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रोज बूट मेन्यूतून विंडोज सुरू करायची सवय लावून घेतात. चालतं तसं. पण घरातल्या दुसऱ्या कुणी लॅपटॉप सुरू केला की पुन्हा तीच आरडाओरड. त्यापेक्षा बायोस सेटिंगमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर ठेवणं केव्हाही चांगलं. ज्यांना फक्त काळ्या स्क्रीनपासून सुटका हवी आहे, त्यांचं काम इथेच झालं. उबुंटूच्या उरलेल्या फाइल काही एमबीच्या असतात, त्या पडून राहिल्या तरी रोजच्या वापरात काही बिघडत नाही.

मग साफ करायच्याच कशाला?

कारण कधीकधी बिघडतं. 100 एमबीच्या पार्टिशनमध्ये दोन-तीन लिनक्सचे अवशेष साठले की जागा संपते. सगळेच लिनक्स सारखं वागत नाहीत. उबुंटू तिथे फक्त बूटलोडर ठेवतं. पॉप ओएससारखं, सिस्टिमडी-बूट वापरणारं लिनक्स आपला आख्खा कर्नल आणि त्याच्यासोबतची इनिटआरडी फाइल तिथेच ठेवतं, आणि त्या दोघांचं वजन काही एमबीवर थांबत नाही. जागा संपली की विंडोजचं मोठं अपडेट 'सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' असं म्हणून अडतं. सी ड्राइव्हवर 200 जीबी मोकळे असताना जागा नाही असं विंडोज का म्हणतंय, हे मग कुणालाच कळत नाही.

दुसरं कारण सिक्युअर बूटचं. लिनक्सची शिम फाइल मायक्रोसॉफ्टच्या डिजिटल सहीने चालते, आणि जुन्या शिममध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या की त्या बाद केल्या जातात. ऑगस्ट 2024 मधल्या विंडोज अपडेटने नेमकं हेच केलं. ड्युअल बूट असलेल्या मशीनना ते लागू होणार नव्हतं, पण काही मशीनवर ड्युअल बूट आहे हे अपडेटला ओळखताच आलं नाही. परिणाम असा, की चालू असलेलं लिनक्स 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं सांगून बंद पडलं. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती यायला मे 2025 उजाडला. म्हणजे कुठला बूटलोडर वापरात आहे आणि कुठला नुसताच पडून आहे, हे माहीत असलेलं बरं.

फाइलला हात लावण्याआधी

दोन गोष्टी तपासायच्या आहेत आणि दोन्ही टाळू नयेत.

पहिली बिटलॉकर. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की डिस्कचं एन्क्रिप्शन बऱ्याच मशीनवर आपोआप सुरू होतं. ते सुरू आहे हे मालकाला माहीतही नसतं. बूटच्या सेटिंगमध्ये बदल झाला की बिटलॉकरला संशय येतो आणि तो पुढच्या वेळी 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डेटा गेला, मग फॉरमॅटशिवाय खरंच पर्याय उरत नाही. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर डिव्हाइसच्या यादीत जाऊन ती की आधी शोधायची आणि कागदावर लिहून ठेवायची. फोटो काढून त्याच लॅपटॉपवर सेव्ह करण्यात काही अर्थ नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी, मशीन खरंच यूईएफआयवर चालतंय का. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एमएसइन्फो 32' चालवलं की सिस्टिम इन्फर्मेशनची खिडकी उघडते. तिथे 'बायोस मोड' समोर यूईएफआय लिहिलं असेल तर पुढची पद्धत लागू. 'लेगसी' लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल पुढे.

यासाठी कुठलंही वेगळं सॉफ्टवेअर डाउनलोड करायची गरज नाही. लागणारं सगळं विंडोजमध्येच आहे. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून त्यावर राइट क्लिक करायचं आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडायचं. खाली कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

पहिली कमांड आहे 'माउंटव्हॉल एस: /एस'. माउंट आणि व्हॉल हे दोन्ही शब्द जोडून लिहायचे. ही कमांड त्या लपलेल्या पार्टिशनला एस हे अक्षर देते. मग 'एस:' टाइप करून एंटर, 'सीडी ईएफआय' टाइप करून एंटर आणि शेवटी 'डीआयआर'. फोल्डरांची यादी समोर येईल. फाइल एक्सप्लोररमधून हा ड्राइव्ह उघडायला गेलात तर तो परवानगी नाकारतो, म्हणून हे काम काळ्या खिडकीतूनच करायचं.

या यादीत 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' या दोन फोल्डरना हात लावायचा नाही. पहिल्यात विंडोज सुरू होण्याच्या फाइल आहेत. दुसऱ्यातली फाइल म्हणजे यादीतलं काहीच चाललं नाही तर फर्मवेअरने शेवटचा उपाय म्हणून चालवायची फाइल. एचपी, डेल अशा नावांचे फोल्डर कंपनीच्या तपासणी सॉफ्टवेअरचे असतात, तेही राहू द्यावेत. आपल्या कामाचा तो 'उबुंटू', 'फेडोरा', 'डेबियन' किंवा जे लिनक्स काढलं असेल त्याच्या नावाचा फोल्डर.

इथे एक सापळा आहे. लिनक्स मिंट आणि उबुंटूवरून बनवलेले कुबुंटूसारखे भाऊबंद आपला बूटलोडर 'उबुंटू' याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. समजा मशीनवर उबुंटू आणि मिंट दोन्ही होते आणि उबुंटू काढलं. आता तो 'उबुंटू' फोल्डर उरलेला वाटतो, पण प्रत्यक्षात मिंट त्यावरच सुरू होत असतं. तो उडवला की मिंटही गेलं. खात्री करायची असेल तर त्या फोल्डरमधली ती तीन ओळींची सेटिंग फाइल, 'ग्रब डॉट सीएफजी', उघडून बघता येते. 'टाइप' कमांडपुढे तिचं नाव दिलं की मजकूर दिसतो. त्यातला लांबलचक ओळख क्रमांक टिपून घ्यायचा आणि मिंटमध्ये जाऊन 'एलएसबीएलके -एफ' या कमांडने पार्टिशनांचे क्रमांक बघायचे. क्रमांक जुळला तर फोल्डर वापरात आहे.

मशीनवर दुसरं कुठलंच लिनक्स नसेल तर एवढं बघायची गरज नाही. तरीही लगेच डिलीट करण्यापेक्षा नाव बदलणं शहाणपणाचं. 'रेन उबुंटू उबुंटू-जुनं' अशा धर्तीवर कमांड द्यायची, इंग्रजीत अर्थात 'ओल्ड' वगैरे. मग 'माउंटव्हॉल एस: /डी' देऊन अक्षर काढून टाकायचं आणि मशीन दोन-तीनदा बंद-चालू करून बघायचं. फर्मवेअरला तो पत्ता सापडत नाही, ते गुपचूप पुढच्या नावाकडे जातं आणि विंडोज सुरू होतं. काही बिनसलंच तर नाव पूर्ववत करता येतं. चार-आठ दिवस सगळं सुरळीत राहिलं की पुन्हा आत जाऊन 'आरडी /एस' आणि त्या फोल्डरचं नाव देऊन तो कायमचा काढायचा.

यादीतलं भूत

फोल्डर गेला तरी बूट मेन्यूमध्ये 'उबुंटू' हे नाव दिसत राहू शकतं. काही फर्मवेअर पत्ता सापडला नाही की नोंद स्वतःच काढतात, काही काढत नाहीत. ती नोंद मदरबोर्डच्या चिपमध्ये आहे, त्यामुळे डिस्कवर कितीही शोधलं तरी सापडणार नाही. हार्ड डिस्क बदलूनही जुनं नाव का दिसतंय, या प्रश्नाचं उत्तरही हेच.

ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर' दिलं की चिपमधल्या नोंदी दिसतात. 'डिस्क्रिप्शन' समोर उबुंटू लिहिलेली नोंद शोधायची. तिच्यावर 'आयडेंटिफायर' समोर महिरपी कंसात एक लांब सांकेतिक क्रमांक असतो. तो कंसासकट कॉपी करून 'बीसीडीएडिट /डिलीट' पुढे पेस्ट करायचा आणि एंटर दाबायचं. पॉवरशेल वापरत असाल तर तो कंस अवतरणचिन्हांत टाकावा लागतो, नाहीतर पॉवरशेल त्याचा भलताच अर्थ लावतं. ज्या नोंदींचा आयडेंटिफायर 'एफडब्ल्यूबूटएमजीआर' किंवा 'बूटएमजीआर' आहे, त्या विंडोजच्या आणि खुद्द यादीच्या आहेत. त्या डिलीट करायच्या नाहीत.

क्रम महत्त्वाचा आहे, आधी फोल्डर आणि मग नोंद. अनेक जण उलटं करतात, नोंद काढतात आणि फोल्डर तसाच ठेवतात. मग काही दिवसांनी उबुंटू यादीत हजर. व्हायरस वगैरे काही नसतं. उबुंटूच्या फोल्डरमध्ये 'बूटएक्स 64 डॉट सीएसव्ही' नावाची एक चिमुकली फाइल असते, तिच्यात 'उबुंटूसाठी ही नोंद बनवायची' एवढंच लिहिलेलं असतं. आणि उबुंटू इन्स्टॉल होताना 'बूट' या सामाईक फोल्डरमध्येही स्वतःची शिम आणि 'एफबीएक्स 64' नावाची मदतनीस फाइल ठेवून जातं. यादी बिघडली आणि फर्मवेअरने शेवटचा उपाय म्हणून 'बूट' फोल्डरमधली फाइल चालवली, की ही मदतनीस सगळे फोल्डर धुंडाळते, ती सीएसव्ही वाचते आणि नोंद पुन्हा तयार करते. मूळ हेतू चांगला आहे, बॅटरी गेली किंवा बायोस रीसेट झालं तरी लिनक्स परत सापडावं. पण लिनक्स काढून टाकलेल्याला तो छळ वाटतो.

लिनक्स बाजूने हेच काम 'ईएफआयबूटएमजीआर' ही कमांड करते. तिथे प्रत्येक नोंदीला 0003 असा चार आकडी नंबर असतो आणि तो देऊन नोंद काढता येते. एवढंच वापरावं. लिनक्समध्ये चिपमधल्या या नोंदी 'ईएफआयव्हार्स' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या फाइलसारख्या दिसतात आणि त्या थेट उडवायचा मोह होतो. 2016 मध्ये काही एमएसआय लॅपटॉप अशाने कायमचे बंद पडल्याचं समोर आलं. लिनक्समध्ये सगळ्या फाइल उडवणारी कमांड चालवल्यावर त्या फोल्डरमधल्या नोंदीही गेल्या, आणि फर्मवेअर इतकं गोंधळलं की लॅपटॉप बायोसपर्यंतही पोहोचेना. त्यानंतर लिनक्स कर्नलने त्यातल्या बहुतेक फाइलना कुलूप लावलं. तरी अंगठ्याचा नियम तोच, चिपमधलं काही काढायचं तर त्यासाठी बनवलेल्या कमांडनेच.

विंडोज सुरूच होत नसेल तर

घाईत मायक्रोसॉफ्टचाच फोल्डर उडाला, किंवा बूट मेन्यूत विंडोज बूट मॅनेजर दिसतच नाही, असंही होतं. अशा वेळी दुसऱ्या कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरून 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज इन्स्टॉलर बनवायचा. त्याने मशीन सुरू करून इन्स्टॉलऐवजी रिपेअरचा पर्याय निवडायचा आणि ट्रबलशूटमधून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा. तिथे 'बीसीडीबूट सी:\विंडोज' ही एक कमांड विंडोजच्या बूट फाइल नव्याने तयार करते आणि चिपमध्ये नोंदही घालते. फक्त पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. नेहमीचा सी तिथे डी झालेला असतो. म्हणून आधी 'डीआयआर सी:' देऊन विंडोजचा फोल्डर नक्की कुठे आहे ते बघायचं.

इंटरनेटवर या ठिकाणी हमखास 'बूटरेक /फिक्सएमबीआर' चालवा असं सांगतात. ती कमांड लेगसी पद्धतीच्या मशीनसाठी आहे. त्या जुन्या मशीनमध्ये फोल्डर वगैरे भानगड नव्हती. डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटमध्ये मास्टर बूट रेकॉर्ड असायचं, त्यातले 446 बाइट बूटच्या कोडला, 64 पार्टिशनच्या तक्त्याला आणि 2 खुणेला. ग्रब त्या 446 बाइटमध्ये स्वतःचा तुकडा बसवायचा, आणि फिक्सएमबीआर तिथे पुन्हा विंडोजचा कोड लिहितो. बायोस मोड 'लेगसी' असेल तर लिनक्स काढल्यावर एवढं पुरेसं असतं. यूईएफआय मशीनवर ही कमांड 'यशस्वी' असं सांगते आणि उपयोग शून्य होतो, कारण ते 512 बाइट तिथे कुणी वाचतच नाही.

या रिपेअर खिडकीत 'डिस्कपार्ट' वापरायची वेळ आली तर 'क्लीन' हा शब्द चुकूनही टाइप करू नये. ऐकायला साफसफाई वाटते, पण ती कमांड निवडलेल्या डिस्कचा पूर्ण पार्टिशन तक्ता पुसते.

उलट प्रकार

काही जण विंडोज काढून लिनक्स ठेवतात. त्यांना त्रास कमी होतो, कारण मशीन ग्रबनेच सुरू होत असतं. फक्त मेन्यूत 'विंडोज बूट मॅनेजर' ही ओळ रेंगाळते आणि ती निवडली की एरर येतो. उबुंटू किंवा मिंटमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' चालवलं की मेन्यू नव्याने बनतो. पण तरीही ओळ जात नाही, कारण मेन्यू बनवताना 'ओएस-प्रोबर' नावाचा प्रोग्रॅम ईएफआय पार्टिशन तपासतो आणि तिथे मायक्रोसॉफ्टचा फोल्डर अजून असतो. लिनक्समध्ये तो '/बूट/ईएफआय/ईएफआय' या पत्त्यावर दिसतो. विंडोज परत लागणार नाही याची खात्री असेल तर तो काढून पुन्हा अपडेट-ग्रब चालवायचं.

उबुंटूच्या मेन्यूत जुन्या कर्नलांची रांग दिसते तो मात्र कचरा नव्हे. नवा कर्नल बिघडला तर परतायला एक जुना मुद्दाम ठेवलेला असतो. जास्त साठले असतील तर 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' द्यावं, '/बूट' फोल्डरमध्ये शिरून हाताने फाइल उडवू नयेत. पॅकेज मॅनेजरच्या वहीत त्या फाइल आहेत असंच लिहिलेलं राहतं आणि पुढचं अपडेट अडकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक होते ती दोन डिस्कच्या मशीनवर. जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपमध्ये किंवा पीसीमध्ये नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज टाकतात. त्या वेळी जुनी डिस्क जोडलेली असेल, तर विंडोजचा इन्स्टॉलर नवं ईएफआय पार्टिशन न बनवता जुन्या डिस्कवरचंच वापरतो. विंडोज एसएसडीवर, पण त्याच्या बूट फाइल हार्ड डिस्कवर. वर्षभराने ती जुनी डिस्क रिकामी दिसते, म्हणून फॉरमॅट होते किंवा काढून कुणाला तरी दिली जाते, आणि एसएसडीवरचं विंडोज सुरू होत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' असं लिहिलेला पट्टा कोणत्या डिस्कच्या रांगेत आहे, हे बघायला दहा सेकंद लागतात. तो फक्त जुन्या डिस्कवर असेल तर डिस्क काढण्याआधी एसएसडीवर काही शे एमबी जागा मोकळी करून तिथे नवं ईएफआय पार्टिशन बनवायचं आणि बीसीडीबूट कमांडने बूट फाइल त्याच्यावर लिहून घ्यायच्या. मग मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढायची आणि विंडोज एकट्या एसएसडीवर सुरू होतं का ते बघायचं. झालं, तर जुनी डिस्क फॉरमॅट करायला मोकळी.